मागितलेली एक दुपार

भोईर सर, संस्थेत तुमची शोकसभा झाली तेव्हा मलाही दोन मिनिटं बोलायला दिली होती. माझ्या आधी चौघं बोलले. चौघांनीही तुम्हाला मितभाषी म्हटलं. एकानं तर तुमचं कधी कुणाशी वाजलंच नाही असं सांगितलं, आणि मला पदर तोंडाला लावून खाली बघावं लागलं. लोकांना वाटलं, वृंदा कर्णिक रडतेय. मी हसत होते, सर. आमच्या खरेदी विभागाच्या फायलींवर तुमच्या हातचं जे लिहिलेलं आहे ते या मंडळींनी वाचलं असतं, तर त्यांनी तुमच्या फोटोला हार घालण्याआधी दोनदा विचार केला असता.

माझी पाळी आली तेव्हा 'सर फार चांगले होते' एवढं बोलून मी खाली बसले. आपल्यात जे झालं होतं ते दोन मिनिटांत मावणारं नव्हतं, आणि त्यातलं काही त्या सभागृहात बोलण्यासारखंही नव्हतं.

माझी खरेदी विभागात बदली झाली त्याच वर्षी संस्थेत सुपरकॉम्प्युटर आला. यंत्र आधी आलं, त्यावर चालवायचं सॉफ्टवेअर नंतर घ्यायचं ठरलं. पंपातून, पाइपातून, झडपेतून पाणी कसं वाहील, कुठे भोवरा होईल, धातूवर कुठे ताण येईल, हे वस्तू बनवायच्या आधीच गणितानं दाखवणारं सॉफ्टवेअर. त्याचं मागणीपत्र तुमच्या विभागातून आलं. त्यात एकाच परदेशी कंपनीचं नाव होतं आणि सोबत तुमच्या सहीचा दाखला होता, की या कामाला दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर चालणार नाही. असा दाखला जोडला की टेंडर काढावं लागत नाही. सरळ त्या कंपनीकडून घेता येतं.

मी फाइल परत पाठवली. 'दुसरं का चालणार नाही, याचं कारण द्यावं.'

दोन दिवसांनी तुमचं उत्तर आलं. निळ्या शाईत, एका ओळीत: 'कारण हा विषय मला कळतो.'

मी लिहिलं, 'विषय कळणे हे कारण नियमात बसत नाही.'

तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः आलात. तोवर आपली ओळख म्हणजे संस्थेच्या बसमध्ये एकमेकांना मान हलवण्याइतकी. मी मीरा रोडच्या हाटकेशहून रिक्षानं काशिमिऱ्याच्या थांब्यावर यायचे, तुम्ही घोडबंदर गावातून स्कूटरनं. गिरगावातून मीरा रोडला येऊन मला पाच-सहा वर्षं झाली होती; तुम्ही या मातीतलेच. माझ्या टेबलासमोर उभं राहून तुम्ही म्हणालात, "मॅडम, तुम्ही बी.कॉम. आहात ना?"

"एम.कॉम.," मी म्हटलं.

"मी तीस वर्षं पाण्याचं गणित करतोय. मला रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत. यंत्र खाली बसून वीज खातंय. आणि तुम्ही मला कारण विचारता?"

"हो सर. आणि अजून एक विचारायचंय. या परवान्यात आपल्या यंत्राचा किती भाग चालेल?"

"म्हणजे?"

"म्हणजे यंत्रात गणित करणारे इतके हजार कोअर आहेत असं उद्घाटनाच्या दिवशी सांगितलं होतं. हे सॉफ्टवेअर सगळ्यांवर चालणार, की थोड्यांवरच?"

तुम्ही फाइल उचललीत. रागानं तुमच्या तोंडून गावाकडची बोली निघाली, "हाय ते देत न्हाय, आन् नको ते विचारतंय," असं काहीतरी पुटपुटत तुम्ही गेलात. त्यानंतर सात-आठ महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. बसमध्ये तुम्ही मागे जाऊन बसायला लागलात. ड्रायव्हर यादवजींनी एकदा मला हळूच विचारलंसुद्धा, "मॅडमजी, साहब की तबीयत ठीक है ना? आजकल पीछे बैठते हैं." मी म्हटलं, "तबीयत ठीक है. फाइल खराब है."

मला त्याचा त्रास व्हायचा, सर. ते तुम्हाला कधी कळू दिलं नाही. आपण नियमानं बरोबर आहोत हे माहीत असलं, तरी रोज सकाळी एक म्हातारा होत चाललेला माणूस आपल्याला बघून तोंड फिरवतो, हे काही सुखाचं नसतं. आणि मनात शंका असायचीच. मला खरंच त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तुम्ही खरं बोलत असाल तर मी दोन वर्षांतला एकेक महिना तुमच्याकडून काढून घेत होते.

मग एका सकाळी तुम्ही येऊन माझ्या शेजारच्या सीटवर बसलात. 'नमस्कार' वगैरे काही नाही.

"तो कोअरचा प्रश्न तुम्हाला कुणी सांगितला?"

"कुणी नाही."

"खोटं बोलू नका. आमच्या विभागातल्या कुणीतरी सांगितला असणार."

"अहो सर, मीरा रोडचा फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरला पार्किंगचं विचारायचं राहिलं. तेव्हापासून काहीही घेताना मी विचारते, की यात काय येत नाही."

तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात, की पुढच्या सीटवरच्या लेखा विभागातल्या बाई दचकल्या. मग तुम्ही सांगितलंत. मागणीपत्रातली परवान्याची संख्या तुम्ही जुन्या यंत्रावरून तशीच उतरवली होती. कंपनीला लेखी विचारलं तेव्हा उत्तर आलं, की एवढ्या परवान्यात नव्या यंत्राचा अगदी लहानसा तुकडाच चालेल. "हजार खोल्यांची इमारत बांधली आणि मी सोळा खोल्यांच्या किल्ल्या मागत होतो," तुम्ही म्हणालात. "दाखला मागे घेतो. टेंडर काढा. पण खरेदीबाई, टेंडरमध्ये काय लिहायचं ते मी सांगणार, आणि ते तुम्हाला समजलं पाहिजे. न समजता तुम्ही एक ओळसुद्धा टाईप करायची नाही."

त्या दिवसापासून तुम्ही मला 'खरेदीबाई'च म्हणायला लागलात.

ते समजावण्यासाठी तुम्ही मला एका रविवारी घोडबंदरला बोलावलंत. मला वाटलं होतं, लॅपटॉप उघडाल. तुम्ही मला सरळ किल्ल्याच्या खाली खाडीवर घेऊन गेलात. भरती यायला लागली होती. तुमचे बाबा भाईंदरच्या मिठागरावर काम करायचे, घरची भातशेतीही होती, हे तुम्ही तिथेच सांगितलंत. समुद्राचं पाणी आत घ्यायचं, बांध घालून त्याचे चौकोन करायचे, आणि एका चौकोनातून शेजारच्या चौकोनात किती पाणी सोडायचं हे तुमचे बाबा नुसते पाय बुडवून सांगायचे.

"सॉफ्टवेअर हेच करतं," तुम्ही म्हणालात. "पाण्याचे चौकोन पाडतं. लाखो, कोटी. प्रत्येक चौकोन शेजारच्याला विचारतो, तुझ्याकडे किती आहे, मला किती देतोस. पंप असो की खाडी, प्रश्न तोच. चौकोन जितके बारीक, तितकं उत्तर खरं. पण मग विचारणारे तितके जास्त लागतात. ते विचारणारे म्हणजे तुमचे कोअर."

मला कळलं, सर. कॉलेजात कळलं नव्हतं इतकं गणित मला त्या चिखलात चपला हातात घेऊन उभी असताना कळलं.

मग तुम्ही विचारलंत, "तुमच्या हाटकेशात उधाणाला पाणी येतं?"

"येतं ना. पार्किंगमध्ये घोट्याच्या वर."

"कुठून येतं?"

"गटारातून."

"आणि गटारात कुठून येतं?" तुम्ही हातानं पलीकडचं सगळं दाखवलंत. मिठागरं होती तेव्हा उधाणाचं पाणी तिथे पसरायचं, थांबायचं, ओहोटीला परत जायचं. आता बरीचशी बुजली, त्यावर इमारती आल्या, तर ते पाणी जाणार कुठे? हे गणित एकदा नीट मांडून बघायचं, मिठागरं असताना आणि नसताना, हे तुमच्या मनात वर्षानुवर्षं होतं. संस्थेच्या कामात ते बसत नव्हतं. तुमचं म्हणणं होतं, बांध शाबूत असते तर हाटकेशात गुडघाभर पाणी कमी आलं असतं. मी म्हटलं, "आमच्याकडे येतंच मुळी घोट्याच्या वर, गुडघाभर कमी कसं येईल?" तुम्ही म्हणालात, "तुमच्याकडे घोटा, पलीकडच्या गल्लीत मांडी. जरा घराबाहेर पडा." त्यावरून परत येईपर्यंत आपण भांडलो. घरी वहिनींनी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं, आणि मला म्हणाल्या, "तुमी त्यांना उलटं बोलता त्ये बरं हाय. आमचं कोन ऐकतंय?"

टेंडर लिहायला आपल्याला दीड महिना लागला. कंपनीचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही, फक्त काम लिहायचं. एक मोठा पंप, त्याचं हे एवढं गणित, आमच्या यंत्रावर, आमच्या डोळ्यांसमोर, इतक्या तासांत करून दाखवा. ती चाचणी तुमची कल्पना. 'परवान्यात काय येणार नाही याची यादी द्यावी' हे कलम माझं. मी लिहिलेलं तुम्ही खोडायचात, तुम्ही लिहिलेलं मी. "हे वाक्य चार ओळींचं का आहे?" "नियमात तसंच आहे." "मग नियम दम लागून मरेल." असं चालायचं.

चाचणीच्या दिवशीचं मात्र कुणाला सांगितलं तर पटणार नाही. तुम्ही वीस वर्षं वापरलेलं, तुमच्या त्या पहिल्या दाखल्यातलं सॉफ्टवेअर घेऊन त्यांचा मुंबईचा प्रतिनिधी आला होता. गणित सुरू झालं आणि अर्ध्या वाटेत थांबलं. त्यांनी आणलेली चाचणीपुरत्या परवान्याची किल्ली आम्ही मागितलेल्या कोअरच्या निम्म्यांवरही चालत नव्हती. त्यानं दोनदा प्रयत्न केला. मग तो तुमच्या जवळ आला आणि म्हणाला, "सर, आप तो अपने आदमी हैं. रिपोर्ट में थोड़ा एडजस्ट कर दीजिए. बाद में पूरी चाबी दे देंगे."

तुम्ही म्हणालात, "अपना हूँ, इसीलिए मैं ही लिखूँगा."

आणि तुम्ही लिहिलंत. 'चाचणी पूर्ण झाली नाही. अपात्र.' खाली सही केलीत. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसलात.

बसमध्ये मी विचारलं, "वाईट वाटलं?"

"सॉफ्टवेअरचं न्हाय वाटलं," तुम्ही म्हणालात. "माझ्या सहीचं वाटलं. पहिल्या फायलीत मी लिहून दिलं होतं, की दुसरं चालणारच नाही. तुम्ही तो कागद घेतला असतात तर?"

तेव्हा बोलायला हवं होतं, की सर, असा कागद देणारे पुष्कळ बघितलेत, परत घेणारा पहिल्यांदाच बघतेय. असलं मला वेळेवर सुचत नाही. आता सुचतंय.

पण याची किंमत तुम्ही मोजलीत. टेंडरमध्ये हरलेल्यांपैकी एकानं तक्रार केली, की तांत्रिक समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे तुम्ही, मनात आकस ठेवून निकाल दिला. फाइल वर गेली, खाली आली, परत वर गेली. मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होते, आणि तुमचे महिने संपत होते. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा सॉफ्टवेअर यायला अजून चार महिने होते. ज्या यंत्रासाठी तुम्ही एवढं भांडलात, त्याच्यावर तुम्ही एकही दिवस काम केलं नाहीत.

निरोप समारंभात तुम्ही भाषणात म्हणालात, "माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली प्रश्नपत्रिका खरेदी विभागानं काढली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिना उतरताना तुम्ही हळू आवाजात पुढचं बोललात. "फक्त पेपर जरा लांबला, बाई."

त्या वाक्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

निवृत्तीनंतरही तुमचे फोन यायचे. बसमध्ये सुरू झालेला एक वाद तुम्ही शेवटपर्यंत सोडला नाहीत. चाचणीनंतर तुमचं मत पार पालटलं होतं. हे सॉफ्टवेअर विकत घ्यायचंच कशाला, असं म्हणायला लागला होतात. आपल्याकडे लिहिणारी माणसं आहेत. फुकट आणि खुलं असलेलंही मिळतं, ते सुधारून घ्यावं. दर काही वर्षांनी किल्ली मागत परक्याच्या दारात का उभं राहायचं? मी म्हणायचे, "लिहिणारा उद्या नोकरी सोडून गेला तर? विकत घेतलं की जाब विचारायला कुणीतरी असतं."

"तुम्हाला जाब विचारायला माणूस हवा असतो. मला ज्याला उत्तर माहीत आहे असा माणूस हवा असतो."

"दोन्ही एकाच माणसात मिळालं तर?"

"तर खरेदी विभाग बंद करावा लागेल."

मला अजूनही वाटतं, माझं बरोबर होतं. पण हल्ली कंपनीकडे एखाद्या बिघाडाबद्दल लिहिलं आणि तीन आठवड्यांनी 'आपली तक्रार नोंदवली आहे' असं उत्तर आलं, की मी तुमच्याशी मनातल्या मनात थोडं नमतं घेते.

आता पुढचं.

गेल्या वर्षी भाईंदरच्या केबिन रोडला मी कुकरची रिंग घ्यायला गेले होते आणि तुम्ही समोरून आलात. वजन उतरलं होतं तुमचं. मी विचारलं तर म्हणालात, "तुमच्या वहिनींनी तेल बंद केलंय." आपण कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला बसलो. तुम्ही सांगितलंत, की खाडीचं गणित तुम्ही घरी मांडलंय. सगळी तयारी झालीय, जुन्या नकाशांवरून मिठागरांचे बांधही बसवलेत. पण घरच्या लॅपटॉपवर ते अकरा दिवस चाललं आणि बंद पडलं.

"मला एक दुपार द्या त्या यंत्रावर," तुम्ही म्हणालात. "एकच. माझ्या विभागातला नायर बाजूला बसेल, मी फक्त बघेन. पाच वाजता उठेन."

"सर, ते संस्थेच्या कामासाठी आहे."

"खाडी कुणाची आहे?"

"परवान्यात 'संस्थेचे कर्मचारी' असं लिहिलंय."

"कोणी लिहिलंय?"

"मी."

आपण दोघंही हसलो. मग तुम्ही गंभीर झालात. "नियम मोडायला सांगत नाही. विचारून बघा. कुणाला तरी विचारायची सोय असेलच ना?"

"विचारून बघते," मी म्हटलं.

आठवड्यानं मी फोन केला. "सर, नाही म्हणाले."

"कोण?"

"वरचे."

मागे कुठेतरी वहिनी भांडी लावत होत्या. "असू दे," तुम्ही म्हणालात. "तुम्ही विचारलंत ना, तेच पुष्कळ."

सर, मी विचारलं नव्हतं. कुणालाही नाही.

कारणं सांगते, ती खोटी नाहीत. ती जुनी तक्रार तेव्हा कुणीतरी पुन्हा उकरून काढली होती. ऑडिटवाले माझ्या शेजारच्या खोलीत येऊन बसले होते. तांत्रिक समितीचे निवृत्त अध्यक्ष त्याच सॉफ्टवेअरवर घरचं काम करायला येतायत, आणि त्यासाठी खरेदी अधिकारी शब्द टाकतेय, हे कसं दिसलं असतं? माझ्या बढतीची फाइलही तेव्हाच पुढे सरकत होती. हे सगळं होतं. पण नीट विचार केला तर मला 'नाही' ऐकायची भीती नव्हतीच. 'हो' ऐकायची होती. 'हो' म्हणाले असते तर त्या कागदावर माझी सही लागली असती. तुम्ही तुमच्या लाडक्या कंपनीच्या विरोधात सही केलीत तेव्हा मी तुमच्या शेजारी बसले होते, आणि मला तुमच्यासाठी एक करता आली नाही.

मला वाटलं होतं, तक्रार मिटेल, ऑडिट जाईल, मग विचारू. तुम्ही थांबाल असं धरूनच चालले होते. फोन आला तो नायरांचा. "मॅडम, सर गेले. सकाळी. चहा पिता पिता." मी तेव्हा ऑफिसात होते. समोरच्या फायलीवर अर्धं वाक्य लिहिलेलं होतं, ते मी पूर्ण केलं आणि मगच उठले. असं का केलं ते मला माहीत नाही.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी संचालक मॅडमकडे गेले. विचारलं, "निवृत्त शास्त्रज्ञाला एखादा दिवस यंत्र वापरू देता येतं का?" त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "मानद सल्लागार म्हणून एक पत्र काढायचं. एका दिवसाचं काम. का? कुणाला हवंय?"

मी म्हटलं, "भोईर सरांना हवं होतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग आधी का नाही विचारलंत?"

मी त्यांना सगळं सांगितलं. तक्रार, ऑडिट, माझा फोन, सगळं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांचं ते गणित आहे कुणाकडे?"

नायरांकडे होतं. तपासून बघा म्हणून तुम्ही त्यांना पाठवलं होतंत. संस्थेच्या परिसरातल्या खाडीचा अभ्यास म्हणून मॅडमनी ते मंजूर केलं, नायरांच्या नावावर. मंजुरीच्या कागदावर खरेदी विभागाचा अभिप्राय लागतो. मी तो लिहिला, सही केली. अगदी साधा कागद होता, सर. चार ओळींचासुद्धा नाही.

गेल्या गुरुवारी जेवणानंतर नायरांनी मला खाली बोलावलं. पडद्यावर खाडी होती. मला वाटलं होतं काही रंगीबेरंगी दिसेल. आकड्यांच्या ओळी वर सरकत होत्या, बस. मी खुर्ची घेऊन बसले. पावणेचार वाजता पहिलं चित्र आलं: मिठागरं नसताना. अर्ध्या तासानं दुसरं: मिठागरं असताना. नायरांनी दोन्ही शेजारी ठेवली, पुन्हा पुन्हा मोठी करून बघितली आणि म्हणाले, "सर गुडघाभर म्हणायचे ना? एवढा फरक नाही पडत, मॅडम. वीतभर पडतो."

मला इतकं वाईट वाटलं. तुमच्याऐवजी मला.

"पण हे बघा," नायर म्हणाले. "पाणी चढतं जवळपास तेवढंच. उतरतं मात्र मिठागरं असताना खूप लवकर. मिठागरं असती तर ओहोटीबरोबर निघून गेलं असतं. आता ते तासन्‌तास साचून राहतं." म्हणजे आमच्या पार्किंगमध्ये पाणी किती येतं यापेक्षा किती वेळ थांबतं, यात तुमचे बांध होते. हे तुम्ही कधी म्हणाला नव्हतात. तुम्हालाही नवं असतं ते. तुम्ही आधी नायरांची चूक काढली असती, मग नकाशाची, मग यंत्राची, आणि पाच वाजले तरी उठला नसतात. नायर आता ते सगळं नीट लिहून महापालिकेकडे पाठवायचं म्हणतायत. लेखक म्हणून तुमचं नाव पहिलं आहे. ते मी विचारून घेतलं. या वेळी खरंच विचारून.

रविवारी मी घोडबंदरला गेले. दोन्ही चित्रं कागदावर छापून नेली होती. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून कागद उलटसुलट करून बघितले आणि विचारलं, "मंजे त्यांचं बरोबर व्हतं का?"

आधीची मी असते तर 'हो' म्हटलं असतं.

"अर्धं बरोबर होतं, वहिनी. अर्धं चुकलं."

"चुकलं?" त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "मंग लय भांडले असते."

"हो."

मग मी त्यांना ते फोनचं सांगितलं. की 'वरचे नाही म्हणाले' हे खोटं होतं. की मी विचारलं असतं तर ही चित्रं तुम्ही स्वतः बघितली असतीत. वहिनींनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर कागदांची घडी घातली आणि मांडीवर ठेवली. एक टेम्पो गेला, त्याची धूळ खाली बसली.

"त्ये माझ्याजवळ बोलायचे," त्या म्हणाल्या, "की बाईनं लय परयत्न केला."

मला मान वर करता आली नाही.

"मी काय बोलू?" वहिनी म्हणाल्या. "मला सांगून काय व्हनार? हे त्यांना सांगायचं व्हतं."

"आता कसं सांगू?"

त्या उठल्या. आत जाता जाता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हपिसात दिवसभर लिवताच ना तुमी? मंग लिवा."

लिहिलं, सर. तुमच्याकडून उत्तर येणार नाही, याची सवय मात्र अजून व्हायची आहे.